मर्यादित खर्चात बेली डान्सच्या कोणत्या कार्यशाळा निवडाव्यात?

सरावातली :

नमस्कार. मी गेली काही वर्षे साप्ताहिक वर्गात बेली डान्स शिकत आहे. हिप ड्रॉप (कंबर एका बाजूने झटक्यात खाली सोडणे), कमरेने काढलेले आडवे आणि उभे आठचे आकडे, छातीची व पोटाची लाट, गुडघ्यांतून येणारी शिमी, म्हणजे कमरेची जलद थरथर, या मूलभूत हालचाली संथ लयीत आता स्वच्छ येतात. अडचण त्यापुढची आहे. लय वाढली की शिमी तुटते, हातांचा आणि कमरेचा मेळ सुटतो, आणि पूर्वी न ऐकलेले गाणे लागले की शरीर त्याच मोजक्या ओळखीच्या हालचालींकडे वळते. आता बाहेरच्या शिक्षकांकडूनही काही शिकावे, असे माझ्या बाईंनी सुचवले आहे आणि ते मला मनापासून पटले आहे.

येत्या वर्षासाठी मी जी रक्कम बाजूला ठेवली आहे, तीत फार तर दोन छोट्या कार्यशाळा किंवा प्रवास आणि मुक्काम धरून एक मोठा महोत्सव बसेल. समोर असलेले पर्याय असे : कैरोहून येणाऱ्या एका नामांकित नर्तकीची दोन दिवसांची कार्यशाळा, जीत वाद्यवृंदाच्या गाण्यावरची एक पूर्ण नृत्यरचना शिकवली जाणार आहे, फारशा प्रसिद्ध नसलेल्या एका शिक्षिकेचे छोट्या गटासाठीचे निव्वळ तंत्रावरचे शिबिर, प्रत्यक्ष दरबुकावादकाच्या (दरबुका म्हणजे पेल्याच्या आकाराचे, हातांनी वाजवायचे तालवाद्य) साथीने ताल आणि ड्रम सोलो, म्हणजे फक्त तालवाद्यावरचा नाच, यांवरची एका दुपारची कार्यशाळा, ध्वनिचित्रमुद्रित पाठांची एक ऑनलाइन मालिका, आणि अनेक शिक्षकांना एकत्र आणणारा महोत्सव, जिथे सईदी, तुर्की रोमा नृत्य, ट्रायबल अशा निरनिराळ्या शैलींची छोटी सत्रे असतात.

मला हा व्यवसाय करायचा नाही. परंतु समोर वाद्ये वाजत असताना न बिचकता, ऐकत ऐकत नाचता यावे, अशी तीव्र इच्छा आहे. अशा वेळी निवडीचा पहिला निकष कोणता धरावा, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास फार मदत होईल.

मागची रांग :

तुमच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे, कारण आपल्याला नेमके काय येत नाही हे तुम्ही स्पष्ट मांडले आहे. बहुतेक जणी कार्यशाळा निवडताना शिक्षिकेचे नाव आधी पाहतात आणि स्वतःची गरज नंतर शोधतात. पैसे मोजके असताना हा क्रम उलटा असायला हवा. पहिला निकष माझ्या मते असा असावा की, जी गोष्ट घरी बसून, चित्रफीत पाहून किंवा नेहमीच्या वर्गात मिळूच शकत नाही, तिच्यासाठीच खर्च करावा. तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी केलेली दुरुस्ती ही तशी गोष्ट आहे.

शिमी वेगात का तुटते, याचा विचार करा. कधी गुडघे मागे खेचून ताठ धरलेले असतात, कधी मांड्या आणि नितंबांचे स्नायू एकदमच आवळले जातात, कधी श्वास रोखलेला असतो, तर कधी वजन नेमके कोणत्या पायावर आहे हेच ठरलेले नसते. आरशात या चारही गोष्टी जवळपास सारख्याच दिसतात. बाजूने पाहणारी, परवानगी घेऊन कमरेच्या हाडावर किंवा पाठीच्या खालच्या भागावर हात ठेवून फरक जाणवून देणारी शिक्षिका मात्र थोड्याच वेळात मूळ कारण दाखवू शकते. म्हणून तुमच्या यादीतील तंत्राचे छोटे शिबिर मी सर्वांत वर ठेवेन. नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना दोनच प्रश्न विचारा : गटात जास्तीत जास्त किती जणी घेतल्या जातील, आणि प्रत्येकीला स्वतंत्रपणे पाहण्यासाठी वेळ राखून ठेवला आहे का. उत्तर मोघम आले, तर शिबिर छोटे असल्याचा दावा तितकाच मोघम आहे, असे समजावे.

शिक्षिका प्रसिद्ध नाही याची काळजी करू नका. रंगमंचावर लखलखीत नाचणे आणि दुसऱ्याच्या शरीरातली गाठ ओळखून ती सोडवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. त्यामुळे तिच्या स्वतःच्या सादरीकरणापेक्षा तिच्या विद्यार्थिनींची सादरीकरणे पाहा. सगळ्याजणी तिचीच हुबेहूब नक्कल करत असतील तर एक अंदाज येतो. प्रत्येकीचा नाच वेगळा असूनही सगळ्यांच्या हालचाली स्वच्छ असतील तर दुसरा, आणि तो फार आश्वासक असतो.

नृत्यरचनेच्या कार्यशाळेबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. चार-पाच मिनिटांची रचना दोन दिवसांत बसवायची, तर बहुतेक शक्ती पुढची हालचाल कोणती हे लक्षात ठेवण्यातच जाते. शिक्षिका पुढे, आपण रांगांत मागे, आणि जी हालचाल मुळात कच्ची आहे ती कच्चीच राहून फक्त नव्या क्रमात बसते. ज्यांचे तंत्र मोकळे झाले आहे त्यांना अशा कार्यशाळेतून पुष्कळ मिळते, कारण त्या पावले न मोजता निवडींकडे पाहू शकतात : कानून या तंतुवाद्याच्या झंकाराला तिने शिमीने उत्तर का दिले, व्हायोलिनचा समूह आला तेव्हा ती मंचभर का फिरली, आणि अमुक ओळीवर काहीच न करता उभी का राहिली. तुम्ही त्या टप्प्याच्या जवळ आहात, पण अजून थोड्या अलीकडे आहात, असे तुमच्या वर्णनावरून वाटते.

महोत्सवाविषयी एवढेच सांगेन की, आपली शैली कोणती हे ज्यांना अजून ठरवायचे आहे त्यांच्यासाठी तो उत्तम असतो. शिवाय त्यातील प्रत्येक शैलीच्या मागे एक स्वतंत्र जग आहे. सईदीचेच पाहा. ते वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या इजिप्तमधले लोकनृत्य. त्यातला स्त्रियांचा काठीचा नाच पुरुषांच्या ‘तहतीब’ या लाठीच्या खेळाशी नाते सांगतो आणि त्या खेळाला 2016 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पण कार्यशाळांमध्ये जे सईदी शिकवले जाते, ते बऱ्याचदा इजिप्शियन नृत्यरचनाकार महमूद रेडा यांनी 1959 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या पथकासाठी रंगमंचावर आणलेल्या लोकनृत्याच्या परंपरेतले असते. दोन्ही शिकण्याजोगे आहे, मात्र आपण काय शिकतो आहोत हे शिक्षिकेने सांगायला हवे. तुर्की रोमा नृत्यासाठी नऊ मात्रांचा, दोन-दोन-दोन-तीन असा चालणारा ताल अंगात मुरवावा लागतो आणि ते एका सत्रात होत नाही. ट्रायबलचे तर आणखी वेगळे. कॅरोलिना नेरिचिओ यांनी 1987 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फॅटचान्स बेलीडान्स हा गट सुरू केला, आणि त्यातून घडलेली शैली ही समूहाने, ठरलेल्या खुणांवरून, तत्क्षणी नाचण्याची पद्धत आहे. परत आल्यावर त्याच खुणा जाणणाऱ्या मैत्रिणी नसतील, तर त्या सत्रातले फारसे काही वापरता येत नाही. इतके सगळे एका आठवड्याच्या शेवटी चाखून येण्यात आनंद आहे, पण तुमची अडचण त्याने सुटणार नाही.

दरबुका :

मी नर्तक नाही. वर्गांना आणि कार्यक्रमांना दरबुकाची साथ करतो. वरच्या प्रतिसादातील दुरुस्तीचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. नवे गाणे लागताच नेहमीच्याच हालचालींकडे वळण्याचे कारण माझ्या अनुभवात पायांत कमी आणि कानांत जास्त असते. पुढे काय येणार याचा अंदाज नसला की शरीर सुरक्षित जागा शोधते.

एक छोटे उदाहरण देतो. मकसूम, सईदी आणि बलदी हे तिन्ही ताल चार मात्रांचे आहेत आणि त्यांची चौकट जवळजवळ एकच आहे. ‘दुम’ म्हणजे जड, खोल ठोका, ‘तक’ म्हणजे कडेवरचा तीक्ष्ण ठोका, ‘–’ म्हणजे मोकळी जागा, आणि चार मात्रांच्या अशा आठ जागा होतात. मकसूम असा वाजतो : दुम तक – तक दुम – तक –. सईदीत चौथ्या जागेवरचा ‘तक’ बदलून ‘दुम’ येतो : दुम तक – दुम दुम – तक –. बलदीत दुसऱ्याच जागेवर ‘दुम’ पडतो : दुम दुम – तक दुम – तक –. कागदावर हा एकेका बोलाचा फरक आहे, पण नाचात सगळे वजन बदलते. सईदीच्या मधल्या दोन जड ठोक्यांवर शरीर जमिनीकडे जाते. मकसूमवर तीच कंबर हलकी, पुढे सरकणारी वाटते. ज्या नर्तकीला हा फरक ऐकू येतो, तिला हालचालींची भलीमोठी यादी लागत नाही. तीच हिप ड्रॉप वेगवेगळ्या वजनाने करूनही ती गाण्याशी बोलत राहते.

त्यातही वादक समोर असण्याचे मोल वेगळे आहे. मुद्रित संगीत दर वेळी तसेच वाजते आणि विद्यार्थिनी ते पाठ करते. प्रत्यक्ष साथीत मी लय थोडी ओढतो, एखादा ठोका गाळतो, शेवटची तिहेरी पुनरावृत्ती वाढवतो, आणि समोरचीला माझ्याकडे पाहावेच लागते. नर्तकीने खांदा किंवा हात कसा उचलला की वादक थांबतो, तिने वेग कसा मागावा, तकसीम सुरू झाल्यावर, म्हणजे एकच वाद्य तालाशिवाय आलाप घेत असताना, शिमीचा मोह आवरून नुसत्या श्वासाच्या गतीने कसे हलावे, हे मुद्रणावर शिकता येत नाही. तुम्हाला वाद्यांसमोर न बिचकता नाचायचे आहे असे तुम्ही लिहिले आहे. मग ज्या एका दुपारी वाद्य खरोखर समोर आहे, ती सोडू नका.

फक्त एक खात्री करून घ्या. ‘ड्रम सोलो’ या नावाखाली काही वेळा ठोक्याठोक्यावर बसवलेली रचनाच शिकवली जाते आणि वादक सजावटीपुरता असतो. कार्यशाळेत प्रत्येकीला वादकासमोर एकटीने काही क्षण नाचायला मिळणार आहे का, हे आधी विचारा. जाण्यापूर्वी काही आठवडे मकसूम, सईदी, बलदी, मलफूफ आणि अय्यूब एवढे पाच ताल रोज टाळीवर धरा आणि जमल्यास बोटांच्या झांजांवर, म्हणजे सगातवर वाजवा. ओळख घरी झाली असेल, तर ती दुपार ओळख करून घेण्यात खर्च होणार नाही.

ओढणी आणि सगात :

कैरोच्या नर्तकीच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत या नृत्याकडे तंत्र आणि ताल म्हणून पाहिले गेले आहे, आणि ते आवश्यकच आहे. पण जी माणसे ही गाणी ऐकत वाढली त्यांच्याकडून मिळणारे आणखी काही असते. आज आपण ज्याला रक्स शरकी म्हणतो, ते मंचावरचे रूप बदिया मसाबनी यांनी 1926 मध्ये कैरोत सुरू केलेल्या सभागृहासारख्या ठिकाणी घडत गेले. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या गाजलेल्या नर्तकी तिथूनच पुढे आल्या. त्या मंचावर आलेले हात, फिरत्या गिरक्या आणि मोठ्या वाद्यवृंदाचे संगीत यांच्या खाली घराघरांत नाचला जाणारा, बलदी याच नावाचा नाच कायमच होता. एखादी चांगली इजिप्शियन शिक्षिका एकाच हालचालीची ही दोन्ही रूपे करून दाखवते, आणि मग त्या हालचालीचे वळण कुठून आले ते समजते.

शब्दांचे महत्त्व तर फारच मोठे आहे. गायक विरहाबद्दल गात असताना प्रेक्षकांकडे पाहून प्रसन्न हसणारी नर्तकी मी पाहिली आहे. तिला अर्थ कोणी सांगितलेलाच नव्हता. म्हणून मी अशा कार्यशाळेबद्दल एकच प्रश्न विचारते : गाण्याचा अर्थ ओळीओळीने समजावून सांगितला जाणार आहे का? उत्तर होकारार्थी असेल, तर रचना लक्षात राहिली नाही तरी चालते, कारण गाणे कसे उकलायचे ती रीत बरोबर येते. उत्तर नकारार्थी असेल, तर मी ‘मागची रांग’ यांच्याशी सहमत आहे.

आयोजनातली एक :

मी अशा कार्यशाळांच्या व्यवस्थेत अनेकदा काम केले आहे, म्हणून पैशांपुरते लिहिते. शुल्काचा आकडा हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. प्रवास, मुक्काम, जेवण, बुडणारी रोजची कमाई, संध्याकाळच्या कार्यक्रमाचे वेगळे तिकीट आणि तिथल्या विक्रीच्या टेबलांवरचे कमरपट्टे व पोशाख हे सगळे आधी कागदावर मांडा, आणि मग पर्यायांची तुलना करा. पुष्कळदा दूरची स्वस्त कार्यशाळा जवळच्या महागड्या कार्यशाळेपेक्षा जास्त खर्चाची ठरते.

लवकर नोंदणी केल्यास बहुतेक ठिकाणी सवलत असते, परंतु रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, किंवा जागा दुसरीला देता येते का, हे वाचल्याशिवाय त्या सवलतीसाठी घाई करू नये. दोन दिवसांपैकी एकच दिवस किंवा एकच सत्र घेता येते का, हे विचारण्यात संकोच बाळगू नका. ती सोय जाहिरातीत नसली तरी जागा शिल्लक असल्यास ती दिली जाते. नोंदणीचे टेबल सांभाळणे, पाहुण्या शिक्षिकेची ने-आण, ध्वनिव्यवस्थेकडे लक्ष देणे अशा कामांच्या मोबदल्यात शुल्कात सूट देणारे आयोजक असतात. मात्र ते काम नेमके कोणत्या वेळेत करायचे आहे हे लिहून घ्या, अन्यथा जे सत्र हवे होते त्याच वेळी दारावर उभे राहावे लागते.

‘सर्व स्तरांसाठी’ असे लिहिलेले असेल तर ते सहसा नवशिक्यांच्या गतीने चालते. ऑनलाइन मालिकेबद्दल विचाराल, तर पाठ किती काळ पाहता येतील आणि आपली चित्रफीत पाठवून अभिप्राय मिळतो का, या दोन गोष्टींवर तिचे मोल ठरते. अभिप्राय मिळत नसेल तर तुमच्या सध्याच्या अडचणीसाठी तिच्यावर खर्च करू नये, असे मला वाटते.

सरावातली :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दरम्यान मी सर्व ठिकाणी चौकशी केली. तंत्राच्या शिबिरात गट खरोखरच लहान ठेवला जाणार असून शेवटच्या सत्रात प्रत्येकीला स्वतंत्र वेळ आहे. दरबुकाच्या कार्यशाळेत वादकासमोर एकेकटीने नाचायचे आहे, हे वाचून पोटात गोळा आला, पण तेच मला हवे आहे. या दोन्हींसाठी नोंदणी करण्याचे ठरवत आहे. महोत्सव आणि ऑनलाइन मालिका या वर्षी बाजूला ठेवते.

मन अडकले आहे ते कैरोच्या कार्यशाळेत. गाण्याचा अर्थ पहिल्या सत्रात सांगितला जाईल, असे आयोजकांनी कळवले. दोन्ही दिवसांचे शुल्क मला झेपणारे नाही. पहिले सत्र तेवढे घ्यावे का? शिवाय शिबिर आणि दरबुकाची दुपार यांत एका आठवड्याचेच अंतर येत आहे, ते पुरेसे आहे का?

मागची रांग :

पहिले सत्र सुटे मिळत असेल तर जरूर घ्या. ‘ओढणी आणि सगात’ यांनी अर्थाबद्दल जे लिहिले आहे ते योग्य आहे आणि माझ्या पहिल्या उत्तरात ती बाजू आली नव्हती. ते गाणे आधी भरपूर ऐकून जा, वाद्ये कुठे बदलतात ते टिपून ठेवा, आणि रचना पूर्ण न मिळाल्याची रुखरुख मनात ठेवू नका. एकच लक्षात असू द्या की, त्या सत्रात शिकलेला रचनेचा भाग कुठे सादर करायचा असल्यास शिक्षिकेची परवानगी विचारावी आणि तिचे नाव सांगावे. चित्रीकरणालाही हेच लागू आहे. अनेक शिक्षिका फक्त शेवटच्या उजळणीचे, तेही स्वतःपुरते चित्रीकरण करू देतात.

एका आठवड्याचे अंतर मात्र अपुरे आहे. शिबिरात शिमीची किंवा उभे राहण्याची पद्धत बदलली, तर पहिले काही आठवडे हालचाल पूर्वीपेक्षा बिघडल्यासारखी वाटते, कारण जुनी सवय सुटलेली असते आणि नवी बसलेली नसते. त्याच अवस्थेत वादकासमोर उभे राहिल्यास शरीर घाबरून जुन्या पद्धतीकडेच परत जाईल. दरबुकाची कार्यशाळा पुन्हा होणार असेल तर पुढच्या वेळेची जागा घ्या.

आणि बाजूला ठेवलेल्या रकमेतून थोडी शिल्लक राखा. शिबिरानंतर दीड-दोन महिन्यांनी त्याच शिक्षिकेकडे एक वैयक्तिक तास घ्यावा, असे मी सुचवेन. एखादी मैत्रीण सोबत आली तर शुल्क वाटून घेता येते आणि दुसरीला केलेली दुरुस्ती पाहूनही बरेच शिकता येते. त्या तासाला नवे काही मागू नका. शिबिरात सांगितलेले आपण नीट करतो आहोत का, एवढेच तपासून घ्या.

दरबुका :

अंतराबद्दल सहमत आहे. तोवर एक सराव करता येईल. मुद्रित मकसूम लावा, पावले मुळीच न उचलता फक्त ‘दुम’वर वजन बदला, आणि ‘तक’ला काहीही करू नका. हे सहज होऊ लागले की उलट करा. लय सुरुवातीला अगदी संथ ठेवा, मग हळूहळू वाढवा आणि श्वास रोखला गेला असे जाणवले की तिथेच थांबा. तुमची शिमी ज्या वेगाला तुटते, त्याच्या किंचित अलीकडचा तो वेग असेल, आणि शिबिरात शिक्षिकेला तो सांगितला तर तिचे काम सोपे होईल.